लोकर, पपई आणि रक्त : प्रथिनांच्या घडणीविषयी

ठाण्यात १९२५ साली लोकरीची एक गिरणी सुरू झाली. १९४४ मध्ये ती सिंघानियांच्या जे. के. समूहाकडे गेली आणि पुढे ‘रेमंड’ हे नाव देशभर सुटाच्या कापडाशी जोडले गेले. पोखरण रस्त्याजवळच्या त्या आवारात कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या राबल्या. २००९ मध्ये तिथले उत्पादन थांबले. आता त्या जमिनीवर निवासी मनोरे उभे आहेत. गिरणीत गासड्या भरभरून येणारा माल म्हणजे मेंढीचे केस, आणि धुऊन स्वच्छ केलेले मेंढीचे केस म्हणजे जवळपास निव्वळ केराटिन हे प्रथिन. प्रथिनांवरचे पुस्तक डाळ-उसळीपासून सुरू होईल अशी वाचकाची अपेक्षा असणार. इथे सुरुवात मुद्दाम गिरणीपासून केली आहे. प्रथिनाला ठरावीक आकार असतो आणि त्याचा गुण त्या आकारातून येतो, याचे पहिले ठोस पुरावे ज्या थोड्या पदार्थांतून मिळाले, त्यांत लोकर अग्रभागी होती.

इंग्लंडमधले लीड्स हे लोकरीच्या धंद्यावर वाढलेले शहर. तिथल्या विद्यापीठात १९२८ पासून विल्यम ॲस्टबरी हे भौतिकशास्त्रज्ञ कापडाच्या तंतूंचा अभ्यास करत होते. लोकरीच्या केसांवर क्ष-किरण सोडायचे आणि पलीकडच्या फिल्मवर उमटणारे डाग वाचायचे, हे त्यांचे काम. साध्या लोकरीचे डाग एका तऱ्हेने उमटले. तीच लोकर ओलसर करून ताणली तेव्हा डागांची मांडणी पार बदलली. ताण सोडला, लोकर पूर्ववत आखडली आणि पहिली मांडणी परत आली. वाफेत लोकरीचा केस जवळजवळ दुप्पट ताणला जातो, हे गिरणीवाल्यांना ठाऊकच होते. ॲस्टबरींनी त्यातून निष्कर्ष काढला की केराटिनची अमिनो आम्लांची साखळी मुळात दुमडलेली असते आणि ताणल्यावर ती उलगडते. दुमडलेल्या रूपाला त्यांनी आल्फा म्हटले, उलगडलेल्याला बीटा. दुमड नेमकी कशी आहे याचा त्यांचा आराखडा बरोबर नव्हता. तो प्रश्न लायनस पाउलिंग, रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये सोडवला. साखळी मळसूत्रासारखी वळते, एका वेढ्यात सुमारे ३.६ अमिनो आम्ले बसतात, आणि एका वेढ्यातला हायड्रोजन वरच्या वेढ्यातल्या ऑक्सिजनकडे हलकेच ओढला जातो. हे हायड्रोजनबंध एकेकटे दुबळे असतात, पण हजारोंनी असल्यामुळे मळसूत्र टिकते.

लोकरीत अशी दोन-दोन मळसूत्रे एकमेकांना पीळ घालतात, त्या जोड्यांच्या जुड्या होतात, जुड्यांचे धागे होतात. शेजारच्या साखळ्यांना बांधून ठेवायला गंधकाचे पूल असतात: सिस्टीन या अमिनो आम्लात गंधकाचा अणू असतो, आणि दोन सिस्टीन समोरासमोर आले की त्यांचे गंधक एकमेकांना पक्के जोडले जातात. लोकरी कापडाचे सगळे वागणे यातून कळते. इस्त्री करणारा पाण्याचा शिपका मारतो किंवा वाफ सोडतो, तेव्हा हायड्रोजनबंध सैल होतात. गरम इस्त्रीखाली ओलावा उडून जातो आणि बंध नव्या घडीत पुन्हा जुळतात. पावसाळी हवेत ती घडी मोडते, कारण ओलावा परत आत शिरतो. गंधकाचे पूल मात्र पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून लोकर ताणली तरी परत येते आणि बहुतेक प्राण्यांना ती पचत नाही. कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या अळीला ती पचते, कारण त्या अळीच्या आतड्यात गंधकाचे पूल तोडण्याची रासायनिक सोय आहे. हा गंधकाचा पूल वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे तो वालाच्या दाण्यात भेटणार आहे, नागाच्या विषात भेटणार आहे आणि इन्शुलिनच्या बाटलीतही.

रेशीमही प्रथिनच. पण पैठणीचा धागा लोकरीसारखा ताणून पाहिला तर तो ऐकत नाही. रेशमातल्या फायब्रॉइनमध्ये ग्लायसिन, ॲलॅनिन, सेरिन ही लहान चणीची अमिनो आम्ले पुन्हा पुन्हा येतात. साखळ्या आधीच सरळ पसरलेल्या असतात आणि एकावर एक पापुद्र्यांनी घट्ट बसतात. उलगडायला आत काही उरलेलेच नसते. त्यामुळे रेशीम बळकट, झळाळते, पण लवचीकपणात लोकरीच्या मागे. कातडी, स्नायूबंध आणि हाडे यांना धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनची तऱ्हा तिसरीच. त्यात तीन साखळ्या एकमेकींभोवती वळतात आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असावेच लागते, कारण तिहेरी पिळाच्या मधोमध दुसरे काही मावत नाही. या तिहेरी पिळाचा आराखडा १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडला. पुढे १९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी अमिनो आम्लांच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आपटतात याचा नकाशा काढला. कोपर जसे एका बाजूला वळते आणि दुसऱ्या बाजूला वळत नाही, तशीच प्रत्येक सांध्याची मर्यादा त्या नकाशात दिसते. आज जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना प्रसिद्ध झाली की ती आधी रामचंद्रन नकाशावर तपासली जाते. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात इतके रोजच्या वापरातले दुसरे काम मला पटकन आठवत नाही, आणि आपल्या शालेय पुस्तकांत त्याला एखादे पान तरी मिळायला हवे.

शाळेत प्रथिने येतात ती आहाराच्या धड्यात. कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने, जीवनसत्त्वे अशी ओळीने नावे आणि पुढे ‘शरीराची वाढ व झीज भरून काढणे’ एवढे एक काम. ते खोटे नाही, पण त्यातून पोषणाचा आकडा तेवढा मनात राहतो. डोंबिवलीतल्या कोणत्याही व्यायामशाळेबाहेर प्रथिनांच्या भुकटीचे डबे दिसतात, आणि डब्यावर ग्रॅमचा आकडा मोठा असतो. पोटात गेलेले प्रथिन आपला आकार घेऊन शरीरात काम करायला जात नाही. जठरातले आम्ल त्याची घडी मोडते, पाचक रस साखळी कापतात, आणि रक्तात जातात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्ले. त्यांतून आपले शरीर आपल्या जनुकांतल्या क्रमानुसार स्वतःची प्रथिने विणते. म्हणून कोलॅजेन खाल्ले की ते थेट चेहऱ्याच्या कातडीत जाऊन बसते, ही समजूत टिकत नाही. उलट कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतेच. अन्न म्हणून साधा वरण-भात त्यापेक्षा उजवा.

अन्नातही घडणीचे महत्त्व आहे, ते वेगळ्या ठिकाणी. ठाणे-कल्याणच्या सीकेपी घरांतले वालाचे बिरडे घ्या. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा आणि मग शिजवायचे. एवढा खटाटोप चवीसाठी तर आहेच. पण वालात, सोयाबीनमध्ये, बऱ्याच कडधान्यांत एक लहानसे प्रथिन असते, ज्याचे काम आपल्या पाचक एन्झाइमांना अडवणे हे आहे. बोमन-बर्क घराण्यातले हे प्रथिन सोयाबीनमध्ये अवघ्या ७१ अमिनो आम्लांचे आहे, आणि तेवढ्याशा साखळीत गंधकाचे सात पूल आहेत. त्याला दोन टोके असतात: एकात ट्रिप्सिन अडकते, दुसऱ्यात कायमोट्रिप्सिन. दाणा खाणाऱ्या किड्याचे पचन बिघडावे म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. सात पुलांमुळे ते उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरते. नुसती एक उकळी आणून भागत नाही, भरपूर शिजवावेच लागते. मोड येताना दाण्यातली स्वतःची एन्झाइमे जागी होऊन साठ्याची प्रथिने फोडायला लागतात, भिजवणाचे पाणी ओतून दिले की त्याबरोबर काही भाग निघून जातो. आजीने सांगितलेल्या पायऱ्यांतली प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या रेणूवर काम करते.

आता एन्झाइमांकडे वळतो, कारण प्रथिनांच्या सगळ्या प्रकारांत रचना आणि काम यांचे नाते इतके उघड दुसरीकडे दिसत नाही. ठाण्यातच लुईसवाडीला मुख्यालय असलेली ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी आहे. राठी कुटुंबाच्या या व्यवसायाचे मूळ पपईच्या चिकातून पपेन काढण्यात आहे. झाडावरच्या कच्च्या पपईला उभ्या चिरा पाडतात, चीक ओघळतो, तो गोळा करून वाळवतात. मटण लवकर शिजावे म्हणून घरोघरी कच्च्या पपईचा तुकडा घालतात, त्यामागेही हेच पपेन. ही साखळी २१२ अमिनो आम्लांची असते आणि तिची घडी होऊन दोन भाग बनतात. दोन भागांमध्ये एक खाच राहते. खाचेच्या एका काठावर पंचविसाव्या जागेवरचे सिस्टीन आहे, समोरच्या काठावर १५९व्या जागेवरचे हिस्टिडीन. साखळीत या दोघांमध्ये शंभराहून अधिक अमिनो आम्लांचे अंतर, पण घडी झाल्यावर ते शेजारी येतात. हिस्टिडीन सिस्टीनच्या गंधकाकडचा हायड्रोजन ओढून घेते, गंधक तरतरीत होतो आणि खाचेत शिरलेल्या दुसऱ्या प्रथिनाची साखळी तोडतो. इथला गंधक पूल बांधत नाही, कापतो. पपेन उकळले की अमिनो आम्ले सगळी जागच्या जागी क्रमाने राहतात, पण घडी मोडते, खाच नाहीशी होते आणि कापण्याचे काम थांबते. सगळे घटक हजर असूनही काम बंद पडते, ही एकच गोष्ट या पुस्तकाचा गाभा म्हणून पुरेशी आहे.

याच पपेनने वैद्यकशास्त्राला एक मोठे दार उघडून दिले. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाची प्रतिपिंडे पपेनने कापली. तुकडे झाले ते वेडेवाकडे नव्हते: दोन तुकडे रोगजंतूला धरू शकणारे निघाले आणि एक न धरणारा. प्रतिपिंडाला दोन हात आणि एक शेपूट असते, हात ओळखतात आणि शेपूट शरीराच्या इतर पेशींना इशारा देते, हे चित्र तिथून स्पष्ट होत गेले. पोर्टर यांना जेरल्ड एडेलमन यांच्याबरोबर १९७२ चे नोबेल मिळाले.

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत पावसाळ्यात सर्पदंश होतो तेव्हा टोचली जाणारी लस याच रचनेवर काम करते. नागाच्या विषातले एक मुख्य प्रथिन ६० ते ७० अमिनो आम्लांचे असते. गंधकाचे चार पूल त्याचा गाभा आवळून धरतात आणि त्यातून तीन बोटे बाहेर येतात. ही बोटे स्नायूवरच्या त्या ग्राहकावर नेमकी बसतात जिथे मज्जातंतूचा निरोप पोहोचायचा असतो. निरोप पोहोचत नाही, पापण्या जड होतात, पुढे श्वासाचे स्नायू थांबतात. लस बनवताना घोड्यांना विषाचे थोडे थोडे डोस देतात, घोड्याच्या रक्तात त्यावर प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती वेगळी काढून पेप्सिन या दुसऱ्या कापणाऱ्या एन्झाइमने त्यांची शेपटे काढून टाकतात. उरलेले हात विषाला पकडतात, आणि घोड्याचे शेपूट नसल्यामुळे रुग्णाच्या शरीराची उलट प्रतिक्रिया कमी होते. परळच्या हाफकिन संस्थेची आणि तिच्यातून निघालेल्या महामंडळाची या कामातली परंपरा जुनी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर मिळून एक लस दिली जाते, कारण चौघांची विषप्रथिने निराळी आणि एकासाठी घडलेला हात दुसऱ्याला पकडत नाही. दंशानंतर मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास त्या तीन बोटांना आपल्या जागी बसायला दिलेला वेळ असतो. हे कळकळीने सांगावेसे वाटते.

रक्तगटांची गोष्टही एन्झाइमांचीच आहे, आणि तिच्यावर मुंबईचे नाव आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असा रक्तगट नोंदवला, ज्यातल्या माणसाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नव्हते. जगभर तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा तो असतो, आणि नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ म्हणूनच दिसतो. तांबड्या पेशीवर शर्करांची एक छोटी फांदी असते. एक एन्झाइम तिच्यावर फ्युकोज नावाची साखर चढवते, त्याला एच म्हणतात. त्याच्या पुढे ‘ए’ गटाचे एन्झाइम एक साखर जोडते, ‘बी’ गटाचे दुसरी. ही दोन एन्झाइमे प्रत्येकी ३५४ अमिनो आम्लांची, आणि त्यांच्यात फरक फक्त चार जागांवर. त्यांतल्या २६६ आणि २६८ या जागा खाचेत पडतात आणि कोणती साखर आत मावेल हे मुख्यत्वे त्याच ठरवतात. ‘ओ’ गटात त्या जनुकातले एक अक्षर गळलेले असते, त्यामुळे साखळी अर्धवट राहते आणि काही जोडले जात नाही. बॉम्बे गटात त्याही आधीची पायरी चुकते: भारतातल्या बऱ्याच कुटुंबांत फ्युकोज चढवणाऱ्या एन्झाइमच्या २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते आणि ते एन्झाइम निकामी होते. ल्युसिन पाण्यापासून दूर राहणारे, आर्जिनिन विद्युतभार वाहणारे. अशी अदलाबदल झाली की आतली रचना सावरत नाही.

एका जागेवरच्या बदलाची सर्वांत ठळक आणि आपल्या ठाणे जिल्ह्याला सर्वांत जवळची कथा हिमोग्लोबिनची. पुस्तकात तिला सर्वांत जास्त पाने दिली आहेत आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागावीशी वाटत नाही.

हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे: १४१ अमिनो आम्लांच्या दोन आल्फा, १४६च्या दोन बीटा. प्रत्येकीच्या घडीत लोह असलेला एक चपटा रेणू बसलेला असतो, ऑक्सिजन त्याला चिकटतो. एका साखळीला ऑक्सिजन मिळाला की ती किंचित सरकते, तिच्या सरकण्याने शेजारणींची ठेवण बदलते आणि त्यांना ऑक्सिजन धरणे सोपे जाते. म्हणून फुफ्फुसात हिमोग्लोबिन भराभर भरते आणि पायाच्या बोटापर्यंत पोहोचल्यावर भराभर रिकामे होते. एकट्या साखळीला हे जमत नाही. स्नायूतले मायोग्लोबिन एका साखळीचे असते. ते ऑक्सिजन साठवते, पण अशी देवघेव करू शकत नाही. मायोग्लोबिनची रचना जॉन केंड्र्यू यांनी आणि हिमोग्लोबिनची मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी शोधली. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळून मिळाले. पेरुट्झ यांनी या एका रेणूवर १९३० च्या दशकापासून पुढे आयुष्यभर काम केले.

बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. त्याच्यावर विद्युतभार असतो, पाण्यात ते सुखाने राहते. काही माणसांत त्या जागी व्हॅलिन येते. व्हॅलिनला पाणी नको असते, आणि ही जागा नेमकी रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे. ऑक्सिजन धरलेला असताना काही बिघडत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनची ठेवण बदलते, बीटा साखळीवर एक तेलकट खळगा उघडा पडतो, आणि एका रेणूचे व्हॅलिन दुसऱ्याच्या खळग्यात जाऊन बसते. दुसऱ्याचे तिसऱ्यात. पेशीच्या आत लांबच लांब ताठ दोर तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडांत, पोटात असह्य कळा येतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते आणि रक्त कमी पडत राहते. पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार आहे असे दाखवले. तो एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीचा आहे हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये सिद्ध केले.

महाराष्ट्रात हा सिकलसेल आजार विदर्भात आणि नंदुरबारला अधिक, पण जुन्या ठाणे जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या ठाणे आणि पालघरच्या, आदिवासी पाड्यांतही तो आहे. बदललेले एकच जनुक असलेल्या वाहकाला सहसा त्रास होत नाही, आणि तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते. हा बदल हिवतापाच्या मुलखांत का टिकला, त्याचे उत्तर यात आहे. दोघे आईबाप वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात, त्या या दोरांत नीट बसत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतले हे हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त उरते, म्हणून सरासरीने आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो; तरी तीव्र रुग्ण इथेही आहेतच. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने हेच गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. तपासणीचे कार्ड हातात पडलेल्या तरुणाला त्यावरच्या अक्षरांचा अर्थ त्याच्या भाषेत समजला पाहिजे. हे पुस्तक लिहिण्यामागचा सर्वांत मोठा हेतू हाच आहे.

कल्याणला खेटून उल्हासनगर आहे. युद्धकाळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला हे नाव मिळाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. इथे साखळीचा आकार बिघडत नाही, तिची संख्याच कमी पडते. बीटा साखळी थोडी बनते किंवा बनतच नाही. सिंधी कुटुंबांत वारंवार आढळणारा एक दोष म्हणजे त्या जनुकातला ६१९ अक्षरांचा तुकडाच गायब असणे. मग आल्फा साखळ्या जोडीदाराविना उरतात. निरोगी आल्फा साखळीही एकटी स्थिर राहत नाही, ती गोळा होऊन साचते आणि पेशी मज्जेतच मरते. बाळाला सहा महिन्यांनंतर, गॅमा साखळ्या ओसरल्या की, रक्त चढवण्याची गरज सुरू होते आणि ती आयुष्यभर राहते. चढवलेल्या रक्तातले लोह साचते म्हणून ते काढण्याची औषधे वेगळी. वाहक ओळखायला हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी एक रक्तचाचणी पुरते. लग्नाआधी, निदान पहिल्या गरोदरपणाच्या सुरुवातीला, ती करून घ्यावी. पत्रिका जुळवण्यात जाणाऱ्या वेळापुढे या चाचणीला लागणारा वेळ काहीच नाही.

साखळी आपली घडी स्वतःच कशी घालते? ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या एन्झाइमची घडी पूर्ण मोडली, गंधकाचे चारही पूल तोडले, आणि मोडणारी रसायने काढून घेताच ते पुन्हा घडी घालून कामाला लागले. घडीची माहिती क्रमातच आहे, हे त्यातून ठरले; १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सगळ्याच प्रथिनांना परतीची वाट नसते. गाईच्या चिकाचा खरवस वाफेवर थिजतो, कारण त्यातली प्रतिपिंडे आणि इतर प्रथिने उलगडून एकमेकांत गुंततात. तो थंड केला तरी पुन्हा चीक होत नाही. इन्शुलिनची कुपी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात किंवा उन्हात ठेवू नये, यामागचे कारणही तेच. ५१ अमिनो आम्लांचा तो रेणू गंधकाच्या तीन पुलांवर उभा असतो. त्याची रचना १९६९ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने शोधली, आणि त्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते.

क्रमावरून घडी ओळखणे हे मात्र पन्नास वर्षे जमत नव्हते. १९७१ मध्ये जगाच्या प्रथिन-रचनांच्या संग्रहात सात रचना होत्या, आज प्रयोगांनी शोधलेल्या दोन लाखांहून अधिक आहेत. एकेका रचनेवर लोकांची वर्षे गेली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी इंदूरच्या इंडस-२ यंत्रावर स्वतंत्र क्ष-किरणवाहिनी उभारली आहे. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने क्रमावरून घडी वर्तवण्यात झेप घेतली आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाज खुले झाले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, आणि नवी प्रथिने रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना मिळाले. मी या कामाकडे मोठ्या आनंदाने पाहतो. पण संगणकाने दिलेली एक स्थिर घडी म्हणजे पूर्ण उत्तर नव्हे. हिमोग्लोबिन काम करते ते दोन ठेवणींमध्ये ये-जा करून. आणि काही प्रथिनांना ठाम घडीच नसते: मेंदूतले आल्फा-सिन्युक्लिन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन पाण्यात जवळजवळ मोकळे वावरते, आणि पार्किन्सनच्या रुग्णांत त्याचे ताठ तंतू बनून साचतात. पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट या साचण्याचा अभ्यास करतो. आकारावर काम ठरते हा नियम इथे मोडत नाही. इथे मोकळेपणा हाच आकार आहे, आणि तो हरवला की आजार येतो.

वाचकासाठी एक सूचना. आकृत्यांत मळसूत्रे गुंडाळलेल्या फितीसारखी आणि बीटा पापुद्रे बाणांसारखे दाखवले आहेत. ही चित्रलिपी सोयीची आहे, पण त्यात पाणी दाखवलेले नाही, आणि पाण्याशिवाय यातल्या बहुतेक घड्या नीट टिकत नाहीत. पाण्याला टाळणारी अमिनो आम्ले आत जातात, आवडणारी बाहेर राहतात, बहुतेक घडी एवढ्याने ठरते. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांच्या घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वाहक आहे त्यांनी थेट हिमोग्लोबिनच्या प्रकरणाकडे जावे. तिथे ऑक्सिजन धरलेल्या आणि सोडलेल्या रेणूच्या आकृत्या समोरासमोर छापल्या आहेत, आणि दोन्हींत बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर लाल खूण केली आहे.